चौथा डाग

विनिता : मावशी, आधी खुर्चीवर बसा बघू. खालापूरपासून टेंपोत दाटीवाटीनं आलात, आता माझ्या ऑफिसात तरी टेका.

बायजा : खुर्ची नको, वकीलबाई. मी सांगते तसं लिवा आन मला मोकळी करा. लिवा, मी बायजा, या सदूची आई. याची काय चूक नाय. चूक माजी हाय.

सदू : आई, तू गप बस गं जरा.

विनिता : का हो हवालदार, तुमच्या पलटणीत साक्षीदाराला असंच दटावत होते का? त्यांना मी बोलावलंय. बोला मावशी.

बायजा : दोन वर्साचा व्हता. पोटात पानथरी वाढली. पोट असं मडक्यावानी टम्म. दूध ठरंना, नुसता कण्हायचा. तवा दवाखाना कुटला आमच्याकडं? सासू म्हनली, डाग दे. मग विळा चुलीत घातला आन दिला. माज्या ह्या हातानं दिला, बाई.

विनिता : किती?

बायजा : आं?

विनिता : डाग किती दिलेत? एक, दोन, चार?

बायजा : तीन. डाव्या अंगाला, बरगडीखाली. सासू पाच म्हनत व्हती, मला नाय झालं. तिसऱ्याला त्याचा आवाजच बंद झाला, मी विळा फेकूनच दिला. पोर जगला. पन बाई, कातडं अंगासंगं वाढतं ना? ह्यो वाढला तसा डाग बी वाढला. आता पार बगलेपत्तूर गेला. हात वर जात नाय त्याचा. माळ्यावरची पेंढी काढायची तर सुनेला हाक मारतो. मोठा शिपाई गडी!

विनिता : डाग वाढला असं कोण म्हणालं तुम्हाला?

बायजा : सरकारच म्हनतं की. दोन वर्सांमागं पेन्शनीचा कागद आला, नातीनं, सुप्रियानं, वाचून दावला. आईनं लहानपनी डागलं, त्याचा वण हाय, नोकरीचा काय संबंध नाय. असंच हाय ना?

विनिता : कागदावर तसंच आहे. म्हणूनच तर अपंगत्वाची पेन्शन नाकारलीय. आणि अपिलाची मुदत शुक्रवारी संपतेय. आता हे फोटो बघा. मागच्या आठवड्यात मीच काढून आणायला लावले. बरगडीखाली हे तीन, विळ्याच्या टोकाएवढे. आणि त्यांच्या मागून हा निघालाय, कमरेपासून थेट बगलेपर्यंत. वीतभर रुंद. मावशी, एवढा विळा तुमच्या घरात होता?

बायजा : मी नाय बघनार त्ये. ठिवा तिकडं.

विनिता : बरं, ठेवते. हवालदार, तुम्हीच सांगा. हा चौथा कुठला?

सदू : डॉक्टरांनी लिवलं ना बाई, लहानपनचा.

विनिता : डॉक्टरांनी लिहिलं. त्यांना सांगितलं कोणी? इथे खाली सही आहे. एस. बी. वाघमारे, हुद्दा नाईक. ही काय तुमच्या आईनं केली?

सदू : ...माजीच हाय.

विनिता : मग आता मला सरळ सांगा. मी तुमची वकील आहे, कमांडिंग ऑफिसर नाही.

सदू : बुखारी भडकली, बाई. बुखारी म्हंजे रॉकेलची शेगडी. वर बर्फात बंकरमधी तिच्यावरच जगायचं. मी तेल वतत व्हतो, भडका उडाला, जर्सी पेटली. पोरांनी कांबळं टाकून इझवलं. रस्ता बंद, हेलिकॉप्टर उतरंना. राजेश म्हनून औषधपाण्याचा शिपाई व्हता चौकीवर, जळगावचा. तीन महिने त्यानंच मलम लावलं. खाली उतरलो तवर सुकलं व्हतं.

विनिता : मग खाली उतरल्यावर का नाही सांगितलं?

सदू : सांगून काय? मेडिकल कॅटेगरी खाली जानार. ती गेली की हवालदाराचा कोर्स गेला. चार वर्सं वाट बगत व्हतो मी त्या फितीची. डॉक्टरसाब बोलले, ये क्या है? तोंडातनं निगून गेलं. बचपन का है साब, माँ ने दागा था. वाटलं, तीन हायेतच तितं, चौथा त्यातच खपून जाईल.

बायजा : माजं नाव घातलंस?

सदू : चुकलं, आई.

विनिता : ऐका. आता हे शपथेवर लिहावं लागेल. भाजलो कुठं, कधी, आणि डॉक्टरांशी खोटं बोललो, तेही. राजेशचा पत्ता काढू, त्याची साक्ष घेऊ. मावशींचं तीन डागांचं प्रतिज्ञापत्र जोडू. तरी जिंकूच असं मी सांगत नाही. पण हे लिहिलं नाही तर हरणार, हे आत्ताच सांगते.

सदू : खोटं बोललो, असंच लिवायचं?

विनिता : असंच.

सदू : बाई, गावातली बारा पोरं भरतीची तयारी करतात माज्याकडं. पहाटे पळवतो मी त्यांना. फौजी झूठ नहीं बोलता, रोज वरडून सांगतो. ह्ये गावात कळलं तर तोंड कुठं दाखवू? नाय जमायचं. र्‍हाऊ द्या ती पेन्शन.

बायजा : म्हंजे ह्ये माज्या हातानं नाय झालं?

सदू : नाय गं.

बायजा : दोन वर्सं झाली, सदू. मी विळ्याला हात लावला नाय. कापनीला सून एकली जाती, मी बांदावर बसून र्‍हाते.

सदू : तू तर म्हनलीस, कंबर धरते.

बायजा : मंग काय सांगू? गावाला सांगू, विळा बघितला की मला तुजं रडनं ऐकू येतं? देवाला म्हनलं, पोर जगवलास, पन मी त्याला लुळा केला. आन तुला सगळं ठावं व्हतं. एका घरात जेवत व्हतास रं! पेन्शनचं मला काय नको. पन त्या कागदावर माजं नाव हाय ना, ते पुसून घे.

सदू : लिवा, बाई.

विनिता : काय लिहू?

सदू : मी खोटं बोललो. माज्या आईनं फक्त तीन डाग दिले, आन त्ये मला जगवाया दिले. आदी ह्ये लिवा, बाकीचं खाली.

विनिता : आणि तुमची बारा पोरं?

सदू : उद्या पहाटे मीच सांगतो. जखम लपवू नका म्हनून सांगतो. हसतील तर हसू दे, रांडेचे.

विनिता : हं, हा हवालदार बोलला! ...झालं बघा. मावशी, तुमच्या प्रतिज्ञापत्रावर इथे अंगठा द्या.

बायजा : थांबा. आदी मला बगू द्या. ह्यो आंघोळीला बसला की मी परसात जायची. सदू, शर्ट काड.

सदू : इथं? वकीलबाईंच्या हापिसात?

विनिता : मी दार लोटून बाहेर उभी राहते.

[विनिता बाहेर जाते. सदू उजव्या हातानं बटणं काढतो. डावी बाही आई सोडवते.]

बायजा : ह्ये तीन माजे... आन ह्यो... अगं बाय माजे! केवढं भाजलंय रं!

सदू : आता काय नाय वाटत, आई.

बायजा : आताचं नाय इचारत. तवा?

सदू : तवा काय... बर्फ व्हता, गारठ्यानं कळलं बी नाय.

बायजा : सदू.

सदू : लय दुखलं, आई.