सुगंधाबाईंनी पुस्तक मिटलं

मंडळी, चित्त इकडं द्या! एक सवाल आहे. डोळ्यांखालून गेलं म्हणजे डोक्यात राहिलं का? तुम्ही म्हणाल, 'राहिलंच की महाराज, दहादा वाचलंय!' बरं. मग ऐका!

नीरेकाठच्या एका गावात सुगंधाबाई अंगणवाडीत मदतनीस होती. लेकरांची लाडकी! सेविकेची जागा रिकामी व्हायची होती, पण त्याला दहावी हवी. त्या काळी दहावी पुरत होती. आणि बाई विज्ञानात दोनदा नापास!

म्हणून रोज दुपारी पुस्तक उघडायची. मोठ्यानं वाचायची. रंगीत पेनानं ओळी रंगवायची — पान म्हणजे नुसती रांगोळी!

सुट्टीला लेक आली, सोनल. डी.एड.ला होती. म्हणाली, "आई, पुस्तक मिट. पचन कसं होतं, सांग."

सुगंधाबाईनं तोंड उघडलं... आणि शब्दच फुटेना! आत्ताच वाचलं होतं हो!

"आईची परीक्षा घेतेस? तुला अक्षर कुणी गिरवायला लावलं?" डोळे भरले बिचारीचे.

"तसं नाही गं. आम्हाला शिकवलंय, संशोधकांनी ताडून पाहिलंय — नुसतं परत परत वाचणारे लवकर विसरतात. आठवून बघणाऱ्यांचं टिकतं. लग्नात किती चेहरे ओळखीचे वाटतात, पण नावं आठवतात का?"

(हसताय काय? शेजारी बसलेल्याचं नाव सांगा बघू!)

बाई रुसली. लेकीशी बोलेना. सकाळी तशीच फुगून अंगणवाडीत गेली. लेकरं गोल बसली. तिनं गाण्याची ओळ अर्धी म्हटली आणि थांबली. लेकरं डोकं खाजवतात, चुकतात, आणि एकदम ओरडतात — पुढची ओळ! मधे रविवार गेला होता, तरी आठवली!

आणि सुगंधाबाई जागच्या जागी थबकली. अगं बाई! लेकरांना मी असंच शिकवते की! त्यांच्या हातात कुठं पुस्तक देते?

घरी आली. पुस्तक मिटलं. "सोनल, विचार."

मग काय मंडळी! भाकरी थापताना प्रश्न, धुणं वाळत घालताना प्रश्न! एकदा म्हणाली, "घास श्वासनलिकेतून खाली जातो."

"आई, मग माणूस ठसक्यानंच जाईल!"

मायलेकी पोट धरून हसल्या. चुकलेलं उघडून बघायचं, मधे दोन-चार दिवस जाऊ द्यायचे, विसरू लागलं की पुन्हा विचारायचं.

परीक्षेत नेमकं पचनच आलं! पण काही आठवेना. बाईनं पेन खाली ठेवलं, डोळे मिटले. घरी अडायचं तेव्हा काय करत होतो? घाई नाही. तोंडापासून सुरुवात... घास... लाळ... अन्ननलिका... आणि हात चालू लागला!

निकाल लागला. सोनलचा फोन आला, आवाज रडवेला, "आई, पास झालीस गं! मार्क सांगू?"

"मार्क राहू दे. आधी मला पचन विचार!"

"आता कशाला?"

"अगं, अजून येतंय!"

देवा पांडुरंगा! पास होण्याचा आनंद वेगळा, आणि हा वेगळा!

आता तुमच्याकडं वळतो. घरी पोरगी पुस्तक मिटून आढ्याकडं बघत बसली, की तुम्ही खेकसता — "वाच की! झोपलीस काय?" अहो, ती आठवतेय! तिथंच तर अभ्यास चाललाय! ओरडू नका. शेजारी बसा, मायेनं म्हणा, "मला सांग बाळा, काय काय आठवलं?" चुकलं तर हसा — तिला नाही, तिच्यासोबत!

घ्या आता नाम, मनापासून — विठ्ठल, विठ्ठल!