दुधीच्या बुडाशी

गंगा : आत्ये, तुझी सावली पडली की वेल जळतो, हे खरं का गो?

हौसाआत्या : ...कुणी विचारायला सांगितलं?

गंगा : चिमानं. साऱ्या सातवीसमोर म्हणाली, "तुझ्या विधवा आत्येला हे विचारून दाखव, मग तुला शूर म्हणू." मला वाटलं, तू हसशील.

हौसाआत्या : हसले असते. पण उद्या आगबोटीवर चढायचंय, आज हसू येत नाय. ते धणे आण इकडे.

गंगा : आधी उत्तर दे!

हौसाआत्या : धणे आण म्हटलं. आख्खे नाय पेरायचे. पाटावर घे, वर दुसरा पाट ठेव नि अलगद रगड. एकेकाच्या दोन फाकी व्हायला हव्यात. पीठ नको करू! माझ्यामागे या परड्यातला भाजीपाला तुलाच बघायचाय.

गंगा : मला परडं नको, तू हवीस. गुहागरला तुझ्या दिरांकडे काय करणार तू?

हौसाआत्या : सुपाऱ्या सोलीन.

गंगा : आणि जेवणार कुठे? गेल्या खेपेला तुझं पान गोठ्याशेजारी मांडलं होतं. मी पाहिलंय.

हौसाआत्या : धणे गो, गंगे. पीठ होतंय.

गंगा : होऊ दे! दुधीचा एक वेल मेला म्हणून कुणी माणूस घरातून घालवतं का?

हौसाआत्या : एकटा वेल नाय. आधी गाय आटली. मग तुझ्या बाबाला मुंबईला गोदीत ताप आला. त्यात मी दुधीच्या मांडवाखाली तांदूळ निवडत बसले, नि आठवड्यात वेल करपला. तुझ्या आईनं सगळं एकाला एक जोडलं. घाबरते गो ती.

गंगा : पाणी कमी पडलं असेल.

हौसाआत्या : तहानलेला वेल मान टाकतो. पाणी घातलं की उठतो. हा तसा नव्हता. पानांच्या कडा जळत जळत आत गेल्या. इतकी वर्षं लावतेय, असं कधी बघितलं नाय. म्हणून तर मलाही वाटतं...

गंगा : काय वाटतं?

हौसाआत्या : असेल माझ्यातच काहीतरी.

गंगा : गप गो! थांब, मी मुळंच उकरते. ...आत्ये, बुडाशी ही पांढरी साय कसली?

हौसाआत्या : राख असेल. किडीला मीच घालते.

गंगा : राख अशी चमकते होय? ...थू! थू! खारट!

हौसाआत्या : अगो, माती काय चाटतेस? एवढी घोडी झालीस!

गंगा : तूच चाखून बघ.

हौसाआत्या : ...मीठ आहे.

गंगा : बाबांनी मुंबईहून आल्या आल्या माडांना मीठ घातलं होतं ना?

हौसाआत्या : गंगे, थांब. तुझ्या बाबाला काही विचारू नको. जेवायला बसलाय तो. गंगे! हात तरी धू!

(स्वयंपाकघरात. बाबा पानावर बसले आहेत, आई वाढते आहे.)

गंगा : बाबा, माडांबरोबर दुधीलाही मीठ घातलंत?

बाबा : घातलं की. चांगलं दोन ओंजळी. मिठानं माड कसा जोर धरतो! म्हटलं, हौसेचा लाडका वेल, चार दुधी जास्त धरतील. का गो?

गंगा : माडाला मीठ पचतं, बाबा. दुधीला नाही. अजून आहे तिथं, मी चाखून आले.

आई : अहो... मला बोलला नाहीत ते.

बाबा : मिठाचं काय बोलायचं?

आई : मी वन्संना तोंडावर बोलले. तुळशीसमोर उभं करून बोलले.

बाबा : भात वाढ.

आई : अहो, पण...

बाबा : हौसेच्या दिराला निरोप गेलाय. उद्या धक्क्यावर त्याचा माणूस उभा असेल. आता काय सांगू त्याला? आमच्या मिठाची चूक झाली? सगळी वाडी हसेल.

आई : आणि गाय? गाय काही मिठानं आटली नाही.

गंगा : गाय म्हातारी झालीय, आई.

आई : ...हो. झालीय खरी.

गंगा : बाबा, आई, मी एक ठरवलंय. चिमानं मला वर्गासमोर प्रश्न दिला. उत्तरही मी वर्गासमोरच देणार. आमचा दुधी मिठानं मेला, आत्येच्या सावलीनं नाही.

बाबा : आणि मीठ कुणी घातलं विचारलं, तर?

गंगा : बाबांनी घातलं, आत्येवरच्या मायेनं घातलं, असं सांगेन. खोटं नाही ना ते?

बाबा : ...नाही.

गंगा : आणखी एक. आत्येनं सकाळी मला दुधीचं बी दिलं, तिच्यामागे लावायला. ते मी तिला परत देणार आहे. तिला धाडायचं की ठेवायचं ते तुमच्या हातात आहे. पण या परड्यात आता पेरायचं, तर तिनंच पेरायचं. खारी माती मी उपसून टाकते. पाणीही मीच घालीन.