वाटूरचं माहेर

आमची पोरगी पिऊ घरीच शिकती. पण परीक्षेसाठी कुठल्यातरी शाळेत नाव लागतंच, म्हणून आम्ही शहरात नवीन जालना भागात हिंडून राह्यलो होतो. एका शाळेत म्हणले, बसचाही खर्चा भरा. मी म्हणलं, "पोरगी रोज येणारच न्हाई, तर बस कुणासाठी?" तर म्हणे, नियम आहे.

शेवटी वाटूर गावच्या एका लहान शाळेत गेलो. तिथल्या हेडबाईंनी आम्हाला झेपंल एवढीच फी सांगितली. पिऊनं विचारलं, "मला रोज यावं लागंल का?"

बाई म्हणल्या, "तुझी आई माहेरी रोज जाती का?"

"न्हाई. मन झालं की जाती."

"मंग तूही तसंच ये. परीक्षेला मात्र बराबर यायचं."

देव त्या बाईंचं भलं करो. केवढं ओझं उतरलं माझं.

परवा भागाकारावरून मी पिऊला ओरडले. तिनं गपचूप दप्तर भरलं आन् दारात उभी राहिली. "मी माहेरी चालले."

मी हसत हसत बाईंना फोन लावला. त्या म्हणल्या, "येऊ द्या की. आन् सासूबाई, चार दिवस तिला न्यायला येऊ नका."