कोंडवाड्यातली तहान

तुम्हाला खरं वाटणार नाही, पण माझ्या आईला मी भिंतीवर चढताना पाहिलं आहे. ग्रामसेवकांसमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी माझी आई!

चैत्रात उन्हाळी धानात शिरलेली एक परगावची गाय पंचायतीच्या कोंडवाड्यात होती. मालक काही येईना. शाळेतून येताना मला तिची जीभ लोंबताना दिसली, म्हणून मी घरून बादलीभर पाणी नेलं. ग्रामसेवकांनी ती माझ्या हातातून घेतली आणि तिथंच मातीत ओतून दिली.

"वैरण-पाणी मालकाचं, असा नियम हाये. आपणच पाजत बसलो, तर जनावर सोडवाले येईन कोण?"

माझ्या मागून आई आली होती.

"मरून जाईन ना जी ते!"

"मी काय करू बाई? सरकारी नियम हाये."

आईनं रिकामी बादली उचलली, पदर खोचला आणि भिंत चढून धपकन आत उतरली. मी भिंतीशी धावले.

"बाई, काय करून राहिल्या? बाहेर निघा!"

"कायले? आता मीबी कोंडवाड्यात आहो. माणसाले तहानलेलं ठेवाचा नियम हाये का तुमचा?"

लोक जमले, हसू लागले. ग्रामसेवकांनी भरलेली घागर आणून भिंतीवरून आत दिली. आईनं ती बादलीत ओतली. गाईनं मान वर न करता सगळी संपवली.

आईनं रिकामी घागर त्यांच्यापुढे धरली.

"आणखी आना जी. माही तहान नाही गेली अजून."