मधूचा प्रेस अजून ठरायचाय

मंडळी, नमस्कार.

कुसुमवहिनी, निखिल, आणि रविवारची झोप मोडून लीड्सहून, पिनरहून इथे बर्मिंगहॅमला आलेली सगळी मंडळी. मला बोलायला सांगितलंय. मी औषधांच्या दुकानात आयुष्य काढलेला माणूस. मला 'दिवसातून तीनदा, जेवणानंतर' एवढंच काय ते सफाईनं बोलता येतं. आज तेही जमेल असं वाटत नाही. तरी बोलतो. लवकर आटपा असंही सांगितलंय, कारण नंतर या हॉलमध्ये कराटेचा क्लास आहे. मधू असता तर म्हणाला असता, थांबू दे त्यांना.

मधू गेला, मंडळी. आपला मधू साठे गेला. ज्याला साधी केटल निवडायला अख्खा उन्हाळा लागायचा, तो माणूस असा एका झटक्यात निघून गेला. मला हे अजून पटलेलं नाही.

तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत नसेल, मधू नेमबाजी करायचा. हो, आपला मधू! सत्यनारायणाला सोवळं नेसून बसणारा, केकमध्ये अंडं आहे का ते तीनतीनदा विचारणारा. हा माणूस दर रविवारी रायफल क्लबात जायचा आणि कागदाला भोकं पाडून यायचा. फक्त कागदाला. गॅरेजमध्ये कोळी निघाला तर त्याला कपात घालून बागेत सोडून येत असे.

इथे रायफलच्या लायसन्ससाठी ओळखीच्या माणसाची ग्वाही लागते. ती मी दिली होती. पोलिसांकडून एक बाई माझ्याकडे आल्या. विचारलं, हे गृहस्थ रागाच्या भरात काही करतील का? मी म्हटलं, मॅडम, रागाच्या भरात काही करायचं तर ते कसं करायचं हे आधी ठरवावं लागेल. पुढची पाचदहा वर्षं कुणालाही धोका नाही. बाई हसल्या नाहीत. पण लायसन्स मिळालं.

रायफलच्या कपाटाची किल्ली बायकोलासुद्धा कुठे आहे ते कळता कामा नये, असा इथला कायदा. तो मधूनं वहिनींना अगदी गंभीरपणे समजावून सांगितला. वहिनी म्हणाल्या, "अहो, तुम्हाला स्वतःचा चष्मा सापडत नाही. ही किल्ली तेवढी बरी सापडते!"

आता जरा मूळ मुद्द्यावर येतो.

मंडळी, माझी शैला गेली तेव्हा मी घरात एकटा राहिलो. तुम्ही सगळ्यांनी फार केलंत. डबे आणलेत, फोन केलेत. मधू तर रोज म्हणायचा, जेवायला ये. मी जायचो नाही. कशाला वहिनींना त्रास, असं म्हणायचो. खरं तर मला कुणाच्या चालत्या संसारात जाऊन बसणं सोसत नव्हतं. संध्याकाळी दिवा न लावता बसायचो. टीव्हीचा आवाज बंद करून टीव्ही बघायचो. तो फोन करायचा, मी नाही म्हणायचो. पुन्हा फोन, पुन्हा नाही.

मग एके दिवशी त्याचा वेगळाच फोन आला. म्हणाला, "अरे, मला प्रेस घ्यायचाय. काय घ्यावं कळत नाही. तू गुरुवारी येऊन जरा बघतोस का?"

मला वाटलं, कपड्यांची इस्त्री.

गेलो. तर हा गॅरेजमध्ये. मधू आपली काडतुसं घरीच भरत असे. रिकामी पितळी नळी घ्यायची, नीट करायची, बंदुकीची दारू वजन करून घालायची, वर गोळी बसवायची. त्याच्याकडे होता साधा प्रेस. दांडा ओढला की एका नळीवर एकच काम. आता त्याला हवा होता प्रोग्रेसिव्ह प्रेस. त्यात खाली एक चकती फिरते. दांडा एकदा ओढला की चारपाच नळ्यांवर चारपाच कामं एकदम होतात, आणि दर ओढीला एक तयार काडतूस बाहेर पडतं.

मी म्हटलं, मग घे की.

मंडळी, मधू साठेला 'मग घे की' म्हणायचं नसतं.

बाजारात एक निळा होता, एक लाल, एक हिरवा. सगळे अमेरिकेतले. हिरवा पहिल्याच गुरुवारी बाद झाला, कारण त्याच्या दांड्याची मूठ मधूला आवडली नाही. उरले लाल आणि निळा. मी लालच्या बाजूनं, तो निळ्याच्या. मी आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही, पण लालसाठी मी असा भांडलो की विचारू नका! लालमध्ये दारूचं माप बदलायला सोपं. तो म्हणायचा, सोपं म्हणजे चुकायलाही सोपं. निळ्याला लाइफटाइम गॅरंटी होती. त्यावर आमचे दोन गुरुवार गेले. "लाइफटाइम म्हणजे कुणाचं लाइफ रे? माझं, मशीनचं, का कंपनीचं?" त्यानं अमेरिकेला फोन करून विचारलं. पलीकडचा माणूस म्हणाला, सर, युअर्स. मधूनं फोन ठेवला आणि म्हणाला, "मग यात माझा काय फायदा?"

नळ्या आपोआप मशीनमध्ये सोडणारा डबा घ्यावा का? तीन महिने. टेबल सागवानाचं हवं का? एक हिवाळा. तो जन्मभर कारखान्यात प्रॉडक्शन बघितलेला माणूस. म्हणायचा, "साध्या प्रेसवर एक चूक केली तर एक काडतूस वाया. याच्यावर चूक केली तर बादलीभर." आणि बादलीभर हवी होती कुणाला? त्याची आठवड्याची काडतुसं त्या मशीनवर चहा उकळेपर्यंत झाली असती. हे मी त्याला सांगितलंही. तो म्हणाला, "हा मुद्दा चांगला आहे. पुढच्या गुरुवारी घेऊ."

आणि साडेसात वाजले की वहिनी गॅरेजच्या दारात यायच्या. "पानं घेतलीयेत. भावजी, हात धुवा." आता पान वाढल्यावर नाही कसं म्हणणार? मी जेवायचो. दर गुरुवारी जेवायचो. मंडळी, मी पुन्हा जेवायला लागलो तो त्या घरात.

परवा रायफल, काडतुसं, दारू सगळं रीतसर बंदुकीच्या दुकानात जमा झालं. निखिल आणि मी गॅरेज आवरत होतो. वरच्या फळीवर, आकाशकंदिलांच्या खाली, एक जड खोका निघाला. निखिल खोक्यावरचं चित्र बघून म्हणाला, "काका, हा तर बाबाचा प्रेस आहे."

निळा.

मी वहिनींना विचारलं, हा कधी आला? त्या म्हणाल्या, "झाली की वर्षं. तुमची शैला गेली, त्यानंतरच्या दसऱ्याला."

मंडळी, खरं सांगतो, आधी मला रागच आला. म्हणजे लालचा विचार झालाच नव्हता? मी एवढा घसा फोडत होतो, तेव्हा निळा डोक्यावरच्या फळीवर बसून ऐकत होता? गेल्याच्या गेल्या गुरुवारीसुद्धा हा लबाड मला म्हणाला होता, "तुझं लालचं म्हणणं मला थोडंथोडं पटायला लागलंय."

वहिनी म्हणाल्या, "मी त्यांना म्हटलं होतं, उघडा तो खोका, सांगून टाका भावजींना. तर म्हणाले, ठरलं असं कळलं तर तो यायचा बंद होईल. नुसतं ये म्हटलं तर येत नाही तो. त्याला काहीतरी काम लागतं."

मी तिथेच त्या खोक्यावर बसलो. आणि शैलाच्या वेळी रडलो नव्हतो एवढा रडलो.

मला सांगा, कोण करतं असं? नवी कोरी वस्तू, हौसेनं आणलेली, हात लावायला जीव तुटत असणार. ती तशीच बांधून ठेवायची, आणि वर्षानुवर्षं त्या जुन्या प्रेसवर एकेक काडतूस भरत बसायचं. का? तर एका मित्रानं गुरुवारी जेवावं.

माझ्या पुढच्या गुरुवारांचं काय, हे मी कुणाला विचारलं नाही. विचारायचा धीर नव्हता. निघताना बूट घालत होतो, तर वहिनी दारात आल्या. म्हणाल्या, "भावजी, मला वॉशिंग मशीन घ्यायचंय. काय घ्यावं कळत नाही. गुरुवारी येऊन जरा बघाल का?"

मी विचारलं, आत्ताचं बिघडलंय का?

"नाही," त्या म्हणाल्या. "छान चाललंय."

येतो म्हणालो, मंडळी. येतो म्हणालो.

आता आपण सगळे जरा उभे राहूया. दोन मिनिटं काही बोलू नका. मधूला नमस्कार करा, आणि घरी गेल्यावर, जो नुसतं बोलावून येत नाही अशा कुणाला तरी एक फोन करा.