अडकलेल्या चकत्या

मुलगी : तेल नाही म्हणालात, साबण नाही म्हणालात. मग साच्याला लावता तरी काय, बाबा?

बाबा : काही म्हणजे काही नाही. प्लास्टिकची कोरडी भुकटी साच्यात भरायची, साचा भट्टीत सरकवायचा. दाणे एकमेकांना चिकटले की चकत्या तयार. बावीस वर्षं हेच करतोय. आणि भर दुपारी वर्कशॉपमध्ये येऊन बापाची उलटतपासणी कसली घेतेस? लॅबमध्ये काम नाही का तुला?

मुलगी : नाही. मला घरी बसवलंय.

बाबा : काय?

मुलगी : परवापासून. सोमवारी लेखी खुलासा द्यायचाय. आईजवळ यातलं अवाक्षर काढू नका.

बाबा : अगं, पण तू केलंस काय?

मुलगी : तेच तर शोधतेय. फिट येणाऱ्या मुलांचं रक्त येतं माझ्याकडे. औषध अंगात किती आहे ते मोजायचं. नळीच्या तळाशी तुमची चकती असते, तिच्यातून नमुना गाळून यंत्रात जातो. यंत्र कागदावर डोंगर काढतं. डोंगर जितका उंच, तितकं औषध जास्त. तीन आठवडे झाले, मधूनच एखादा डोंगर उगाच उंच येतो. दहातल्या एकदोन नळ्यांत.

बाबा : यंत्र बिघडलं असेल.

मुलगी : यंत्र ठणठणीत आहे. म्हणून तर खापर माझ्यावर फुटलं. लॅबच्या हेडबाई म्हणतात, मी हाताला क्रीम चोपडून काम करते. धुवून धुवून हात सोलून घेतलेत मी, बाबा.

बाबा : बघू. अगं आई गं! हे काय करून घेतलंस?

मुलगी : असू दे. शेवटच्या दिवशी मी एक नवी पेटी फोडली. रक्त घातलंच नाही. नुसत्या चकत्या भिजवल्या आणि ते द्रावण यंत्रात घातलं. तोच डोंगर आला.

बाबा : मग सुटलीस की! तोंडावर का नाही मारलंस हेडबाईंच्या?

मुलगी : पेटीवर तुमची सही होती.

बाबा : ...भुकटी. भुकटीतच काहीतरी भेसळ असणार. हल्ली कुणाचा भरवसा राहिलाय?

मुलगी : भुकटीत असतं, तर झाडून सगळ्या चकत्यांत आलं असतं. मोजक्याच चकत्यांत येतंय. म्हणजे त्या मोजक्या चकत्यांच्या वाट्याला काहीतरी वेगळं येतंय. ते काय, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार?

बाबा : वेगळं काय असायचंय? काही साच्यात अडकतात. त्या काढाव्या लागतात, एवढंच.

मुलगी : कशानं काढता?

बाबा : चिमट्यानं कड तुटते. अंगठ्यानं हळूच रेटायच्या.

मुलगी : हातमोजा घालून.

बाबा : हातमोज्यात काय कळतंय, कप्पाळ! बाकीचे भिंग लावून बसतात, मी नुसता अंगठा फिरवतो. चकती नीट भाजलीय की कच्ची राहिलीय, लगेच समजतं. दिसायला शर्टाचं बटण, पण आत हजारो बारीक वाटा असतात गं तिच्या.

मुलगी : अंगठा इकडे करा. हा वास कसला?

बाबा : मलम आहे. सांधे धरतात सकाळी. डॉक्टरांनीच दिलंय.

मुलगी : कधीपासून लावताय?

बाबा : महिना झाला असेल. अगं, इतकंसं लावतो, वर हात पुसूनही घेतो!

मुलगी : पुसून जे उरतं ना, ते आमच्या यंत्राला भरपूर होतं. मलमही ते रक्तातलं औषधच धरतं.

बाबा : बरं, होऊ दे. डोंगर जरा उंच येईल. त्यानं कुणाचं काय वाकडं होणार आहे?

मुलगी : डोंगर उंच दिसला की डॉक्टरांना वाटतं, औषध जास्त झालं. मग ते कमी करतात. सहा वर्षांची एक मुलगी आहे. माझ्या रिपोर्टवरून तिचं औषध निम्मं केलं. गेल्या आठवड्यात शाळेच्या जिन्यावर तिला फिट आली.

बाबा : ...कशी आहे?

मुलगी : हात मोडलाय. वाचली. मला झोप नाही लागत, बाबा.

बाबा : सहा वर्षांची.

मुलगी : ऐका. मी ठरवलंय. माझ्या क्रीममुळेच झालं, असं लिहून देते. मग माझे सगळे नमुने पुन्हा तपासतील, मुलांची औषधं ठिकाणावर येतील. तुम्ही आजपासून हातमोजा घाला, बस. निवृत्तीला आठ महिने उरलेत तुमच्या. मी कुठेही चिकटेन.

बाबा : निष्काळजी म्हणून शिक्का बसल्यावर? कोण उभं करणार आहे तुला दारात?

मुलगी : बघू ते पुढचं पुढे.

बाबा : आणि बाकीच्यांचं काय?

मुलगी : बाकीचे कोण?

बाबा : तुमच्याकडे किती पेट्या आल्या?

मुलगी : तीन.

बाबा : महिन्याभरात मी चौसष्ट भरल्या. कुठे कुठे गेल्या, मलाही ठाऊक नाही.

मुलगी : हे... हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

बाबा : कसं येईल? तू बापाला वाचवायला निघाली होतीस. तो फोन दे इकडे.

मुलगी : बाबा, थांबा. एकदा बोललात की संपलं. काढून टाकतील तुम्हाला.

बाबा : टाकतील. दे.

(तो नंबर फिरवतो. मुलगी खुर्चीत बसते.)

बाबा : मॅडम, मी बोलतोय, चकत्यांच्या खात्यातून. गेल्या महिन्यापासूनचा माझ्या सहीचा माल परत बोलवा... सगळा. आणि आधी फोन करा सगळ्यांना, वापरू नका म्हणावं. रिपोर्ट गेले असतील तेही पुन्हा तपासायला सांगा... नाही, भुकटी चांगली आहे. चूक माझी. मलम लावलेला हात लागलाय मालाला... हो, ज्यांनी शोधून काढलं त्या बाई समोरच बसल्यात... हो, माझीच मुलगी... माझं काय करायचं ते तुम्ही ठरवा, मी आहे इथेच. पण तिच्या लॅबला पत्र आजच जाऊ दे, मॅडम. सोमवारी तिला कामावर जायचंय.