स्टँड खालीच तर हाय

...आन् बिल्डरचा माणूस काय म्हनला होता ठावं हाय का? म्हनला, व्यंकटराव, नवं स्टँड बांधून राहिलो, खाली गाड्या, वर फ्लॅट, चप्पल घातली की थेट गाडीत! आन् मी भुललो. काहून भुललो? तर पोरीपायी. आमच्या पुनमला नर्स व्हायचंय, आन् आमच्या गावात गाडी आली तर आली, न्हाईतर फाट्यावर धूळ खात बसा. म्हनून रानाचा तुकडा इकला, पहिल्या मजल्यावर घर घेतलं. म्हनलं, आता पोरीची गाडी चुकायची न्हाई म्हंजे न्हाई.

पण तुमाला सांगतो, स्टँडावर घर घेतलं की ते आपलं राहतच न्हाई! गावाकडचा जो तो बाजाराला आला की वर. पिशव्या ठेवा, मोबाईल चार्जिंगला लावा, गाडीला टाइम हाय, बसा. बरं, चहा पाजल्याबिगर माणूस सोडावा कसा? आमच्या मंडळीनं, पार्वतीबाईनं, लहान पातेलं कवाच माळ्यावर टाकलं. आन् चहा पिता पिता मलाच म्हनतेत, व्यंकटराव, तेवढा जागेवर रुमाल टाकून या की, खालीच तर हाय!

आता रुमालाचा कायदा तुमाला काय सांगावा? खिडकीतून सीटवर रुमाल पडला की जागा त्याची. दुसरं कोणी बसलं तर भांडण पार सोयरिकीपर्यंत जाते. आन् मी असा भिडस्त, की कोणाला न्हाई म्हनून म्हनायचं न्हाई.

तर त्या दिवशी बाजार. पुनमची परीक्षा दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी, हिंगोलीला. संध्याकाळची शेवटची गाडी धरायची, मावशीकडं मुक्काम करायचा, असं ठरलेलं. ती गाडी आमच्या गावावरून जाते, म्हनून घर गच्च भरलेलं. आमच्या भावकीतले किशनराव तर सोफ्यावर मांडी घालून. गाडी लागली तसं कोणी रुमाल दिला, कोणी टोपी, देवलाकाकूनं तर डोक्याचं फडकं सोडून दिलं. पळालो खाली, सगळ्या खिडक्यांतून टाकलं, वर आलो, म्हनलं चल पुनम.

पुनम म्हनली, "बाबा, माझा रुमाल टाकला का?"

अख्ख्या गावाचा टाकला, पोरीचाच राहिला.

तिला घेऊन तसाच खाली पळालो, तर दारापर्यंत माणसं लोंबकळून राहिलेली. कंडक्टर शकीलभाई म्हनले, पाय ठेवायला जागा न्हाई, सकाळच्या गाडीनं पाठवा. सकाळच्या गाडीनं? तवर पेपर सुटंल की हो! खिडकीतून आत डोकावलो, तर काय बघावं... माणसं उभी आन् रुमाल बसलेले! सगळे मीच बसवलेले! आन् रुमालवाले कुठं? माझ्या घरात, दुसरा चहा पिऊन राहिले. खालून हाका मारल्या, तर किशनराव बशी घेऊन गॅलरीत आले. म्हनतेत, येतो की, काहून घाई करून राहिले, खालीच तर हाय!

तवा माझं डोस्कं फिरलं. म्हनलं, रान इकलं ते काय ह्यांच्या चहासाठी? पोरगी ह्याच गाडीनं जाणार, मंग गाव तोडलं तरी चालंल. ज्या हातानं टाकले त्याच हातानं एकेका खिडकीतून सगळे रुमाल ओढून काढले. उभी माणसं धपाधप बसली, दारात जागा झाली, पुनमला आत घातली, शकीलभाईनं डबल घंटी मारली. गाडी वळली तसं डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला बोलू?

मंग रुमालांचं गाठोडं घेऊन वर गेलो. म्हनलं, गाडी गेली, पोरगी बसली, आता काय शिव्या द्यायच्या त्या द्या. पण शिव्या कोण देते? शेवटची गाडी ती, जाणार कुठं? पार्वतीबाईनं मुकाट्यानं पीठ मळायला मोठी परात काढली. आन् किशनराव... सतरंजीवर आडवे होता होता त्यांनी गाठोड्यातून आपला रुमाल हुडकला, माझ्याच हातात दिला आन् म्हनले, "सकाळच्या गाडीला तरी आठवणीनं टाका. खालीच तर हाय."